रात्रीची लघवी आणि झोपेतील श्वास

डहाणू व तलासरी तालुक्यांतील पन्नाशीपुढील अनेक रुग्ण 'रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते' असे सांगतात. तेही दुसऱ्याच आजारासाठी आले असता, जाता जाता. बहुतेकांनी ती वयाची खूण मानलेली असते. कित्येक जण संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडून देतात. पाड्यावरील घराचे शौचालय अंगणापलीकडे असेल, तर रात्रीची प्रत्येक फेरी म्हणजे अंधार, पावसाळ्यातील निसरडी वाट आणि मण्यार-घोणसाची धास्ती. म्हणूनच या वरवर साध्या तक्रारीविषयी अहवालात चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या तक्रारीची कारणे अनेक आहेत: मधुमेह, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, हृदयविकार, पायांवरील सूज, संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवी वाढविणारी गोळी. परंतु एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ते मूत्राशयात नसून घशात असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होतो व श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो. यास स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठे घोरणे, मध्येच शांतता आणि मग दचकून घेतलेला श्वास ही त्याची ओळख होय.

घशाचा लघवीशी संबंध कसा, हे आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी आम्हांस समजावून सांगितले, ते असे. श्वासमार्ग बंद असता छाती हवा ओढण्याची धडपड करते. त्या ओढीने हृदयाकडे अधिक रक्त येते आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झाले आहे, असा हृदयाचा समज होतो व ते एक संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या आज्ञेने मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. कॅनडातील संशोधक अडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१ साली उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अर्कावर प्रयोग करून हा परिणाम प्रथम दाखवून दिला. शिवाय अनेकदा जाग येते ती श्वास अडल्यामुळे. लघवीची जाणीव मागाहून होते आणि दोष मात्र मूत्राशयास दिला जातो.

हा विकार आपल्याकडे विरळा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नियमित आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांपैकी सुमारे १९.५ टक्के जणांत झोपेतील श्वासाचा दोष आढळला. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत होता. हे आकडे शहरी पुरुषांचे असले, तरी तलासरीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्रंदिवस वाहने चालविणाऱ्यांना ही पेंग किती महाग पडू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

निदानाची सुरुवात बिनखर्चाची आहे. दोन-तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वहीत वेळेसह लिहावी. प्रत्येक वेळी थोडीथोडीच होत असेल, तर मूत्राशय वा प्रोस्टेटकडे लक्ष जाते. झोपल्यानंतरची व सकाळची पहिली मिळून, ६५ वर्षांवरील व्यक्तीत, दिवसभराच्या एकूण लघवीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भरत असेल, तर मूत्रपिंडे रात्री जास्त काम करीत आहेत असे समजावे. सोबत घरच्या माणसास अवश्य आणावे. घोरणाऱ्यास स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. निदान पक्के होते ते झोपेच्या तपासणीने.

उपचारांत वजन घटविणे, कुशीवर झोपणे, रात्री ताडी वा मद्य न घेणे यांचा उपयोग होतो. मध्यम वा तीव्र विकारात सीपॅप यंत्र मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय जगापुढे ठेवला, तोही १९८१ सालीच. यंत्र नियमित वापरणाऱ्या अनेकांच्या रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. अर्थात प्रोस्टेट वा मधुमेह सोबत असल्यास त्याचाही उपचार हवाच.

अडचणी आम्ही लपवीत नाही. यंत्र महाग आहे, त्यास अखंड वीज लागते आणि मुखवट्याची सवय होण्यास दिवस जातात. घेण्यापूर्वी ते काही रात्री वापरून पाहता आले, तर गरीब कुटुंबाचा पैसा वाया जाणार नाही. हितचिंतक देणगीदारांनी याचा जरूर विचार करावा. रुग्णबंधू-भगिनींना मात्र एवढीच विनंती, की पाणी तोडण्याआधी डॉक्टरांना भेटावे आणि लघवीची तक्रार सांगताना घोरण्याचीही सांगावी.