ट्रॅक्टरवर पोल ठोकायचं मशीन : वेल्डिंगआधी हे गणित करा

ट्रॅक्टरमागे उभा सांगाडा, त्यात वरखाली होणारं वजन आणि चार ठोक्यांत जमिनीत जाणारा अँगल, हे व्हिडिओत बघितलं की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "खर्च किती येईल?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की तुमच्या भागात ठोकण्यासारखे पोल लागतात का?

आपल्याकडे तार कंपाउंडला बरेच लोक सिमेंटचे पोल वापरतात. सिमेंटचा पोल ठोकायचा नसतो, तो वरून फुटतो. त्याला खड्डाच लागतो, म्हणजे पीटीओवर चालणारं खड्डे खोदायचं मशीन. ड्रॅगन फ्रूटवाल्यांचंही तेच. ठोकणीचं काम आहे लोखंडी अँगल, जीआय पाइप आणि लाकडी बल्ल्यांचं : झटका मशीनचं कुंपण, रानडुक्कर आणि रोह्यांसाठीची जाळी, वेलवर्गीय भाज्यांचे मांडव. जमीनही बघा. काळ्या आणि मऊ मुरमाच्या जमिनीत मशीन मस्त चालतं. खाली काळा पाषाण लागला की अँगल वाकतो, मशीन काहीच करू शकत नाही. म्हणून आधी तुमच्या दहा गावांत फिरा, बांधावर काय उभं आहे ते मोजा. सिमेंट जास्त दिसलं तर हा धंदा तिथे नाही, सरळ खड्ड्यांच्या मशीनकडे वळा.

आता मशीन. तत्त्व अगदी सोपं आहे : जड वजन उचलायचं आणि सोडायचं. २०० किलो वजन पुरतं. २०० मिमी बाय २०० मिमी भरीव लोखंड, लांबी ६४० मिमी, की झालं २०० किलो. भंगारात असा ठोकळा शोधा, नवा घेऊ नका. दोन चॅनेल समोरासमोर उभे करून त्यात हे वजन सरकतं, आणि सांगाडा थ्री पॉइंट लिंकेजला बसतो. याचा एक फायदा फॅब्रिकेटरच्या लक्षात येत नाही. सांगाडा ओळंब्यात आणायला वेगळं काही बनवावं लागत नाही. मागेपुढे टॉप लिंक फिरवून होतो, डावीउजवीकडे लिफ्टच्या रॉडने होतो.

उचलायला हायड्रॉलिक सिलिंडर. तो उभा बसवा, त्याच्या डोक्यावर पुली, वायर रोपचं एक टोक खाली सांगाड्याला आणि दुसरं वजनाला. मग सिलिंडर ६०० मिमी वर गेला की वजन १२०० मिमी वर जातं. सिलिंडरवर भार दुप्पट येतो, म्हणजे ४०० किलो. ४० मिमी बोअरचा सिलिंडर तो आरामात उचलतो.

बहुतेक घरगुती मशीन इथेच फसतात. "जास्त ताकद पाहिजे" म्हणून लोक मोठ्या बोअरचा सिलिंडर घालतात. पण ठोका उचलण्यातून येत नाही, पडण्यातून येतो. वजन पडताना सिलिंडरमधलं सगळं तेल बाहेर निघावं लागतं. ४० मिमी बोअरमध्ये ते पाऊण लिटर असतं. १२०० मिमी वरून वजन मोकळं पडलं तर अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात पाऊण लिटर म्हणजे मिनिटाला ९० लिटरचा वेग! टिपर ट्रॉलीच्या बारीक पाइपातून आणि ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून इतकं तेल परत जात नाही. मग वजन लिफ्टसारखं हळूहळू खाली येतं आणि पोल जागेवरच. उपाय असा : सिलिंडर बारीक, परतीचा होज पाऊण इंची, आणि व्हॉल्व्ह वेगळा, मोठा, सांगाड्यावरच. परतीचं तेल आखूड रस्त्याने टाकीत. खर्च वाचवायचा असेल तर सांगाड्याच्या रंगात वाचवा, इथे नको.

सुरुवातीचे ठोके हातभर उंचीवरूनच द्या. उभ्या अँगलवर पहिलाच ठोका पूर्ण उंचीवरून दिला तर अँगल कमानीसारखा वाकतो. अँगलच्या डोक्यावर जाड प्लेटची टोपी ठेवा, म्हणजे तो चेपत नाही, आणि खालचं टोक तिरकं कापून घ्या.

मित्रांनो, आता जे सांगतो ते दोनदा वाचा. या मशीनवर बोटं जातात, कारण मदतनीस हाताने पोल धरतो आणि वजन सुटतं. पोल धरायला सांगाड्यावरच कडी किंवा लांब दांड्याचा चिमटा बनवा. नियम एकच : वजन वर असताना कोणाचाही हात सांगाड्याच्या आत नाही, वायसर बदलायलाही नाही. वजन वर अडकवायला आरपार पिन हवी, तेलाच्या भरवशावर ते टांगून ठेवू नका. पुलीला गार्ड लावा, नाहीतर ढिली पडलेली रोप उडते. शेतात विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी झोळ खाऊन खाली आलेल्या असतात, म्हणून बिजागरी लावून सांगाडा आडवा करता येईल असाच बनवा आणि प्रवासात आडवाच ठेवा. ठोक्यांनी वेल्डिंगला तडे जातात, तेव्हा रोज सकाळी जोड बघायचे.

धंद्याचं गणित. दर तासावर नको, पोलवर लावा, कारण शेतकऱ्याला पोल मोजता येतात. चौकोनी एक एकराचा घेर साधारण २५४ मीटर. दर ३ मीटरला पोल धरला तर ८५ पोल. दहा एकराचा घेर मात्र ८०५ मीटरच, म्हणजे २६८ पोल. क्षेत्र दहापट, काम तिप्पट! म्हणून "एकरी दर" कधीच सांगू नका, मोठ्या रानात तुम्ही अडकाल की गिऱ्हाईक, हे आकाराप्रमाणे बदलतं. उदाहरणादाखल, जागा बदलण्यासकट पोलला ३ मिनिटं धरली तर तासाला २० पोल आणि प्रत्यक्ष ५ तास काम झालं तर १००. त्यातून डिझेल, मदतनीस, ट्रॅक्टरचा हप्ता आणि रिकाम्या दिवसांचा भार वजा करा. लहान कामाला किमान रक्कम ठरवा, कारण जाण्यायेण्याचं डिझेल २० पोलांनाही तेवढंच लागतं. शेजारचे तीन शेतकरी एकत्र आणले तर हाच खर्च वाटला जातो.

पाऊस उघडल्यावर, जमिनीत ओल असताना काम जलद होतं. मे महिन्यात काळी जमीन दगडासारखी होते, तेव्हाचा दर वेगळा ठेवा.

काम घेताना दोन गोष्टी लिहून घ्याच. एक, बांधाखालून पाइपलाइन कुठून गेली आहे ते मालकाने स्वतः दाखवायचं. फुटली तर भांडण तुमच्याशी होतं. दोन, हद्द. मोजणी झालेली नसेल, शेजाऱ्याची कुरकुर असेल, तर एकही पोल ठोकू नका. वाद त्यांच्या बांधाचा असतो, पण पोल तुमच्या मशीनने ठोकलेला असतो. मोजणीच्या खुणा दोघांसमोर दाखवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा, मगच ट्रॅक्टर आत घाला.