पगाराबरोबर पत्ताही विचारा

मुलगा अमेरिकेत आहे, असे सांगत स्थळ आले की घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो. कुणीतरी डॉलरचा आकडा सांगते, दुसरा मोबाइलवर त्याचे रुपये करतो आणि ऐंशी-पंच्याऐंशी लाख ऐकल्यावर बैठकीचा सूरच बदलतो. मुलगा अमेरिकेत नेमका कुठे राहतो हे मात्र पुष्कळदा निकाहाची तारीख ठरल्यावर कळते. तेही फक्त शहराचे नाव म्हणून. त्या नावामागचा हिशेब कुणी मांडत नाही.

या सवयीला कारण आहे. कोकणातल्या आपल्या अनेक घरांनी दोन-तीन पिढ्या आखाताची कमाई पाहिली आहे. तिथला हिशेब सरळ असतो. पगारावर आयकर नाही. माणूस बहुधा एकटा जातो, खोली चौघांत वाटून घेतो, मेसमध्ये जेवतो आणि उरलेले घरी पाठवतो. कुवेत काय, दोहा काय, संसार इकडेच असतो. अमेरिकेचे तसे नाही. तिथे संसारच उचलून न्यावा लागतो. मुले तिथल्या शाळेत जातात, बायको तिथल्या रस्त्यांवर वावरते, आजारपण तिथल्या दवाखान्यात निघते. म्हणून तिथे पगार अर्धी गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी पत्ता सांगतो.

खुद्द अमेरिकी सरकार हे मानते. एच-वन-बी व्हिसावर परदेशी माणसाला कामावर ठेवायचे, तर त्या कामाला त्या भागात जो दर चालू असेल त्यापेक्षा कमी पगार देता येत नाही. हा दर देशभर एक नसतो, जागेप्रमाणे बदलतो. तिथला वाणिज्य विभाग दरवर्षी राज्याराज्यांतील किमतींची तुलनाही करतो. संपूर्ण देशाची पातळी १०० धरली, तर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया ११२च्या आसपास होते आणि अर्कान्सास ८७च्या आसपास. म्हणजे अर्कान्सासमध्ये जे ८७ डॉलरमध्ये भागते, त्याला कॅलिफोर्नियात ११२ मोजावे लागतात. डॉलर तोच, पण त्याचे वजन वेगळे.

एक पगार, तीन शहरे

एक उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघेच, एकाचाच पगार, वर्षाला १ लाख डॉलर. २०२४च्या दरांप्रमाणे दोघांनी एकत्र विवरणपत्र भरले तर केंद्राचा आयकर सुमारे ८ हजार डॉलर होतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ७,६५० डॉलर कापले जातात. हातात साधारण ८४ हजार उरतात. इथवर सारा देश सारखा. फरक यानंतर सुरू होतो.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे ह्यूस्टनमध्ये ८४ हजार तसेच राहतात. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राज्याचा कर आणि सक्तीची विमा-कपात मिळून तीन हजारांच्या वर जातात आणि ८१ हजारांच्या आत-बाहेर उरतात. न्यूयॉर्क शहरात राज्याचा कर आहे आणि शहराचाही वेगळा आयकर आहे. दोन्ही मिळून सात हजारांवर जातात आणि उरतात ७७ हजार.

आता घरभाडे. ठोकळ धरले तर दोन बेडरूमच्या घराला ह्यूस्टनमध्ये महिना दीड हजार, सॅन होजेमध्ये तीन हजार आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अडीच हजार. क्वीन्समध्ये अडीच हजारच का धरले? कारण न्यूयॉर्कचे घरमालक भाडेकरूचा वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट आहे का, हे पाहतात. एक लाख पगाराला अडीच हजारांच्या वरचे घर दारातूनच परत पाठवते. भाडे दिल्यावर ह्यूस्टनकराकडे ६६ हजार, सॅन होजेवाल्याकडे ४५ हजार आणि न्यूयॉर्ककराकडे ४७ हजार राहतात.

इथे हिशेब थांबवला तर सगळे म्हणतील, ह्यूस्टनच बरे. पण अजून गाडी यायची आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये नवी गाडी बाळगण्याचा खर्च कर्जाचे व्याज, विमा, पेट्रोल आणि घसारा धरून वर्षाला १२ हजार डॉलरच्या वर होता. जुनी गाडी घेतली तर तो कमी होतो, पण टळत नाही. ह्यूस्टनमध्ये दोघांना मोकळेपणाने फिरायचे तर दोन गाड्या हव्यात, म्हणजे २४ हजार गेले आणि ४२ हजार राहिले. न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वे १९०४ पासून धावते आणि २०२४ मध्ये तिचा महिन्याचा पास १३२ डॉलरला होता. दोघांचे वर्षाचे ३,२०० डॉलरही होत नाहीत. न्यूयॉर्ककराकडे ४४ हजार राहतात. बिनकराचे, स्वस्त भाड्याचे शहर अशा रीतीने महागड्या शहराच्या मागे पडते. सॅन होजेमध्ये तर भाडेही मोठे आणि गाडीही लागते.

कुणी म्हणेल, ह्यूस्टनमध्ये एकाच गाडीवर भागवू. भागवता येते, आणि १२ हजार डॉलर वाचतातही. पण ती बचत कुणाच्या वाट्यातून झाली, हे विचारायला हवे. नवरा गाडी घेऊन कामावर गेला की घराभोवती मैलोन्‌मैल बंगले आणि रुंद रस्ते असतात. चालत जाण्याजोगे दुकान नसते, कित्येक ठिकाणी फूटपाथसुद्धा नसतो. आपल्याकडे बाजारात एकटी जाणारी, बहिणीकडे रिक्षाने जाऊन संध्याकाळी परतणारी मुलगी तिथे भाजीच्या एका जुडीसाठी नवऱ्याची वाट बघत बसते. त्यात एच-वन-बीवाल्याच्या पत्नीला नोकरीची परवानगी सहसा नसते. ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेल्यांच्या पत्नींनाच २०१५ पासून ती मिळू लागली. म्हणून मुलीला परदेशी धाडताना तिला गाडी चालवायला शिकवणे, हे दागिन्यांपेक्षा अधिक उपयोगाचे लेणे आहे असे आम्हाला वाटते.

स्वस्ताईची दुसरी बाजू

आयकर न घेणारे राज्यही आपला खर्च कुठूनतरी वसूल करतेच. टेक्सासमध्ये तो मालमत्ता करातून होतो. ३ लाख डॉलरच्या घरावर वर्षाला पाच-सहा हजार डॉलर कर सहज बसतो, आणि घराचे पैसे फेडून झाले तरी तो सुटत नाही. टेनेसीतही पगारावर कर नाही, पण तिथे किराणा मालावरसुद्धा विक्रीकर आहे. उलट ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, आयकर मात्र चांगला जड आहे. किनाऱ्यालगतच्या टेक्सास-फ्लोरिडात वादळांमुळे घराचा विमा महाग पडतो, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पावसाने ह्यूस्टन बुडाले, तेव्हा असंख्य कुटुंबांना हा धडा पाण्यात उभे राहून शिकावा लागला.

लहान गावांची गोष्ट आणखी निराळी. शिक्षणासाठी गेलेल्या परदेशी डॉक्टरांना ठरावीक व्हिसावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा केली तर ती माफ होऊ शकते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. त्यामुळे आपल्याकडचे अनेक डॉक्टर आडगावांत जातात. पगार उत्तम, घर मोठे, भाडे किरकोळ. पण मशीद कदाचित दीड तासावर आणि हलाल मांस महिन्यातून एकदा आणून फ्रीझरमध्ये ठेवायचे.

नोकरी गेली तर काय, हाही पत्त्याचाच प्रश्न आहे. एच-वन-बीवाल्याला नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सॅन होजेसारख्या ठिकाणी त्याच कामाच्या शंभर कंपन्या आसपास असतात. एकाच कारखान्यावर जगणाऱ्या गावात ६० दिवस डोळ्यांदेखत संपतात. महाग शहराच्या भाड्यात या आधाराचीही किंमत धरलेली असते.

मुलांच्या वाट्याला काय येते

सर्वांत मोठा फरक मुलांच्या बाबतीत पडतो. अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असते, पण कोणती शाळा हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावर ठरते. शाळेच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. ज्या वस्तीत घरे महाग, तिथल्या शाळेकडे पैसा अधिक. टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरातील गरीब वस्तीच्या पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली होती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. नंतर काही राज्यांनी आपापले कायदे सुधारले, पण पत्त्याचे महत्त्व गेले नाही. म्हणून शहाणे पालक घर बघण्याआधी शाळा बघतात.

हा फरक किती खोल जातो, हे एका मोठ्या प्रयोगात दिसले. १९९४ पासून अमेरिकी सरकारने बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली. दिल्लीत जन्मलेले हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या मुलांची कमाई तपासली. वयाच्या तेरा वर्षांआधी बऱ्या वस्तीत गेलेली मुले पंचविशीत पोहोचली, तेव्हा मागे राहिलेल्यांपेक्षा त्यांची कमाई सुमारे ३१ टक्के अधिक होती. तेरा वर्षांनंतर गेलेल्यांना असा लाभ दिसला नाही. आई-बाप तेच, घरातले वळण तेच; गल्ली बदलली आणि नशिबाला वाट मिळाली. वस्ती बदलायचीच तर मुले लहान असताना बदलावी, एवढा बोध आपल्यालाही घेता येतो.

आयुष्यमानही याला अपवाद नाही. २०२० मध्ये हवाई राज्यात सरासरी आयुष्यमान ८०.७ वर्षे होते, मिसिसिपीत ७१.९. एकाच देशात जवळजवळ नऊ वर्षांचा फरक. मिसिसिपीत घर स्वस्त मिळते हे खरे, पण गरिबी, दवाखान्यांची टंचाई आणि खाण्यापिण्याच्या सवयी यांचे मोल माणसे आयुष्याने चुकवतात.

शेजार, मशीद आणि घर

ज्याचा आकडा मांडता येत नाही, तेही हिशेबात धरावे लागते. मिशिगनमधील डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमक येथे मोटारींच्या कारखान्यांमुळे मुस्लिम वस्ती वाढली. हॅमट्रॅमकने २००४ मध्ये ध्वनिवर्धकावरून अजानला मान्यता दिली. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना २०१५ पासून दोन्ही ईदची सुट्टी असते. शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर आपल्या चवीचे सारे काही मिळते. अशा ठिकाणी मुलाला रोजा का धरला हे वर्गात समजावून सांगावे लागत नाही, आणि घरात जनाजा झाला तर खांदा द्यायला माणसे शोधावी लागत नाहीत. लहान ठिकाणी काहीच नसते असेही नव्हे. आयोवातील सीडर रॅपिड्स या मध्यम शहरात १९३४ पासूनची मशीद आजही उभी आहे. पण तिथे जमात टिकवायला प्रत्येक घराला राबावे लागते. कुणाला तेच आवडते, कुणाला एकाकी वाटते.

घर विकत घेण्याचा प्रश्न आपल्यासाठी आणखी नाजूक आहे. तिथे घर साधारणपणे ३० वर्षांच्या व्याजी कर्जावर घेतले जाते. व्याज टाळू इच्छिणाऱ्यांसाठी भागीदारीच्या तत्त्वावर घर देणाऱ्या संस्था आहेत: संस्था आणि ग्राहक मिळून घर घेतात, ग्राहक हळूहळू संस्थेचा हिस्सा विकत घेत जातो आणि तोवर तिच्या हिश्श्याच्या वापराचे पैसे देतो. पण ही सोय प्रत्येक राज्यात नाही. जिथे घरे स्वस्त आहेत, तिथे काही वर्षे बचत करून मोठा भाग रोखीने भरणे शक्य होते. कॅलिफोर्नियात मध्यम पगारावर ते स्वप्नच राहते. हलाल मार्गाने घर हवे, तर शहर निवडतानाच तो विचार करावा लागतो.

सर्वांना एकच शहर चांगले, असे आम्ही म्हणत नाही. एकट्या तरुणाला जे शहर सोयीचे, ते दोन मुलांच्या संसाराला सोयीचे असेलच असे नाही. मात्र एच-वन-बीवर कामाची जागा दूरच्या शहरात हलवायची तर कंपनीला सरकारकडे सुधारित अर्ज करावा लागतो. तेव्हा ‘आधी जाऊ, मग बघू’ हे धोरण महागात पडते.

म्हणून नोकरीचे पत्र आले किंवा स्थळ आले, की पगाराबरोबर आणखी काही विचारा. कर आणि भाडे वजा जाता हातात काय राहते? गाडीवाचून घराबाहेर पडता येते का? घराच्या पत्त्यावर कोणती शाळा मिळते? विमा कंपनी देते की खिशातून भरायचा? ही नोकरी गेली तर त्याच शहरात दुसरी मिळेल का? मशीद किती दूर, आणि शेजारी आपली भाषा समजणारे एखादे घर आहे का?

मुलीकडच्यांनी हे प्रश्न विचारले म्हणून कुणी नाराज होण्याचे कारण नाही. ज्याने आपला संसार नीट मांडला आहे, त्याच्याकडे उत्तरे तयार असतील. ज्याच्याकडे नसतील, त्यालाही निकाहाआधी ती शोधण्याची सवड मिळेल. लेकीला कुठल्या दारात उतरवतो आहोत, हे आपण इथे शेजारच्या गावासाठी बारकाईने पाहतोच. सात समुद्रांपलीकडे पाठवताना तर ते अधिकच पाहावे.