यंत्रस्वराचे झिलकरी

नागपूरच्या इतवारीतील एका किराणा दुकानाच्या माडीवर, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तयार केलेल्या चिमुकल्या ध्वनिमुद्रणगृहात, गेल्या श्रावणात मी तीन तास बसून होतो. गणेशोत्सवासाठी एक गीत तिथे सिद्ध होत होते, आणि गायक आपल्याच आवाजाची पहिली फेरी कानांत घेऊन तीच ओळ सहाव्यांदा गात होता. एकदा उत्तम साधलेले पुन्हा पुन्हा कशासाठी गायचे, संगणकाला नक्कल काढता येत नाही काय, असे मी विचारले, तेव्हा यंत्रापुढे बसलेला पंचविशीतला तरुण म्हणाला, "कॉपी मारली तं आवाज मोठा होते काकाजी, जाड नाही होत."

त्याच्या बोलण्यात सगळे शास्त्र आले. एकाच लहरीवर तीच लहर ठेवली तर केवळ बळ वाढते. परंतु माणूस दुसऱ्यांदा गातो तेव्हा शब्द निमिषमात्र मागेपुढे पडतो, स्वर केसभर चढतो किंवा उतरतो, आणि ह्या सूक्ष्म फरकालाच कान भरदारपणा समजतो. लंडनच्या ॲबी रोड येथे १९६६ साली केन टाउनसेंड ह्या तंत्रज्ञाने बीटल्स मंडळींची दुबार गाण्यातून सुटका करण्याची तजवीज केली, तेव्हा त्यालाही नकलेचा विलंब सतत डगमगता ठेवावा लागला. आपल्याकडे शाहिरामागे उभे राहणारे झिलकरी, किंवा १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात मागून ओळ उचलणारा समुदाय, हे काम पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. नव्या पद्धतीत फरक एवढाच की गायक स्वतःच स्वतःचा झिलकरी होतो.

हा प्रयोग मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यात, फार पूर्वी होऊन गेला आहे. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकलेले रेमो फर्नांडिस ह्यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' हा संग्रह शिवोलीतील राहत्या घरी चार पट्ट्यांच्या कॅसेटयंत्रावर मुद्रित केला, त्यातील आवाज आणि वाद्ये स्वतःच सांभाळली, आणि तयार कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. अशा यंत्रावर तीन पट्ट्या भरल्या की त्यांचे मिश्रण चौथीवर उतरवून त्या मोकळ्या कराव्या लागत, आणि एकदा उतरविलेले पुन्हा सुटे करण्याची मुभा नसे. पोर्तुगीज संस्कारांत वाढलेल्या गोव्याने लॅटिन ठेका आपलासा केला होता, तो अशा घरगुती जिद्दीतून पुढे गेला, ह्याचे मला फार मोल वाटते.

आवाजावर आवाज चढविण्याची ही गोष्ट झाली; रोबोसारख्या यंत्रस्वराची कथा मात्र निराळी आहे. तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचे गणित मांडणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड ह्यांनी तेच गणित कंठाला लावून १९९७ साली 'ऑटो-ट्यून' बाजारात आणले. लहर स्वतःशीच ताडून ती किती काळाने पुनरावृत्त होते हे यंत्र पाहते, त्यावरून स्वर ठरविते, आणि तो ठरलेल्या पट्टीतील निकटच्या स्वरावर नेऊन बसविते. हा प्रवास सावकाश करविला तर श्रोत्याला पत्ता लागत नाही. वेळ शून्यावर आणली तर उताराच्या जागी जिना तयार होतो. १९९८ साली शेर ह्या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये मार्क टेलर व ब्रायन रॉलिंग ह्यांनी तो जिना मुद्दाम ऐकविला, आणि कृतीचे गुपित राखण्यासाठी भलत्याच उपकरणाचे नाव पुढे केले. ह्याच जोडीने १९९९ साली एन्रिके इग्लेसियासचे 'बाइलामोस' घडविले, म्हणजे त्या कार्यशाळेतून स्पॅनिश जनप्रिय संगीताकडे जाणारी वाट अगदी आखूड होती. पुढे पोर्तो रिकोच्या रेगेटोनमध्ये यंत्रस्वर घरचाच झाला. ज्याच्या २०२२ सालच्या 'उन वेरानो सिन ती'ला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाच्या ग्रॅमीसाठी स्पॅनिशमधील पहिले नामांकन लाभले, त्या बॅड बनीच्या जड, खालच्या आवाजाला ह्या जिन्यामुळे जी खिन्न चकाकी येते, ती दोष झाकण्याची युक्ती आहे असे मला मुळीच वाटत नाही.

माझी तक्रार आपल्याकडील वापराविषयी आहे, आणि ती जुनी आहे. हार्मोनियमच्या ठोकळेबाज पट्ट्यांत श्रुती व मींड मावत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० साली त्या वाद्यावर बंदी घातली, आणि १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हाही तो हुकूम अंमलात होता. १९७१ साली तो सैल झाला. बंदी मला कधीच मान्य नव्हती, परंतु तिच्या मुळाशी असलेली चिंता खोटी नव्हती. हार्मोनियम गायकाच्या शेजारी बसते आणि गळा आपल्या वाटेने जाऊ शकतो. हे यंत्र गळ्याच्या आत शिरते. बाराही स्वर खुले ठेवून कळ दाबली आणि गाणे पुढे सरकविले, की आंदोलन, म्हणजे स्वराचे मंद झुलणे, त्याच्या लेखी निव्वळ चूक ठरते.

इतवारीतील चाल भैरवाच्या अंगाने जाणारी होती. त्या तरुणाने मुख्य आवाज मध्यभागी ठेवला, दोन डावीकडे व दोन उजवीकडे मांडले, सहावा एक सप्तक खाली उतरविला, आणि मग, सहा मुखांतून निसटणारे सहा 'त' ताशावरील खड्यांसारखे वाजू नयेत म्हणून, पाचांतील व्यंजनांच्या कडा एकेक करून तासल्या. ह्या कामातच दीड तास गेला. नंतर त्याने यंत्र शून्यावर नेले. पडद्यावर स्वरांची रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढू लागली, आणि कोमल ऋषभापाशी आवाज पाटासारखा सपाट झाला. त्याने ते दोनदा ऐकले, मान हलविली, आणि तेवढ्या जागी यंत्र बंद केले. पायऱ्यांच्या मधोमध एक नागमोडी रेघ उमटली. तरीही काही खटकत होते, कारण सहा कंठांतील सहा आंदोलने एकमेकांत गुंतत होती. तेव्हा त्या एका अक्षरापुरते त्याने पाचही झिलकरी गप्प केले.