नशिबाच्या पेटीचा मिस्त्री

ज्याच्या कमरेला स्लॉट मशीनची किल्ली लटकते, त्याला कॅसिनोत एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘आज कुठलं मशीन देणार?’ स्लॉट टेक्निशियनला ते ठाऊक नसतं. ते त्याला कधी कळू नये, याची तजवीज अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने फार बारकाईने केली आहे. तिथे जुगार १९३१पासून कायदेशीर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या बव्हेरियात जन्मलेल्या मेकॅनिकने ‘लिबर्टी बेल’ हे तीन चाकांचं मशीन बनवलं. तेव्हा दुरुस्ती म्हणजे तेल, कानस आणि स्प्रिंग. १९६०च्या दशकात बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ने आत वीज खेळवली. १९८४मध्ये इंगे टेल्नेस यांना निकाल संगणकाने ठरवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं आणि चाकांची सत्ताच गेली. बटण दाबताच आतला प्रोग्राम आकडा उचलतो आणि निकाल तिथेच लागतो. चाकं तो फक्त दाखवतात.

त्यामुळे टेक्निशियनच्या वाट्याला येतं ते नशीब सोडून बाकी सगळं. सर्वांत जास्त छळतो तो नोटा ओढून घेणारा भाग. बिअरने भिजलेली किंवा टेप चिकटवलेली नोट आत गेली, की पट्टा अडकतो आणि मशीनच्या माथ्यावरचा दिवा लुकलुकू लागतो. टेक्निशियन दार उघडतो, नोट सोडवतो, सेन्सर पुसतो, पट्ट्याचा ताण पाहतो, चाचणी घेतो. पंख्यांत सिगारेटच्या धुराची चिकट काजळी साचते, तीही काढावी लागते. पूर्वी नाणी बाहेर टाकणारं भांडं, म्हणजे हॉपर, अडकायचं आणि हात काळे व्हायचे; नाण्यांऐवजी छापील तिकिटं आल्यापासून प्रिंटर अडकतो.

दार उघडलं की आतल्या नोंदवहीत तारीख, वेळ, कारण लिहून सही करायची. मुख्य संगणकाला दार उघडल्याचं कळलेलं असतंच, आणि छतावरचा कॅमेराही बघत असतो. खेळाचा प्रोग्राम असलेला बोर्ड आणखी एका कुलपाआड असतो. मोठा जॅकपॉट लागला तर पैसे चुकते करण्याआधी तो प्रोग्राम मंजूर झालेलाच आहे ना, हे तपासलं जातं. २००३च्या मार्चमध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत लागलेला ‘मेगाबक्स’ जॅकपॉट ३.९ कोटी डॉलरहून मोठा होता. एवढी रक्कम कुणी नुसत्या दिव्याच्या भरवशावर देत नाही.

हा कडकपणा अनुभवातून आलेला आहे. टॉमी कारमायकेल हा मूळचा टीव्ही दुरुस्त करणारा. नाणी मोजणाऱ्या सेन्सरवर प्रकाश पाडून तो हॉपर रिकामं करायचा. रोनाल्ड हॅरिसची गोष्ट आणखी बोचरी, कारण तो नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळाचाच कर्मचारी होता. प्रोग्राम तपासता तपासता त्याने काही मशीनमध्ये छुपा कोड घातला : नाणी ठरावीक क्रमाने टाकली की पैसे बाहेर. १९९५मध्ये अटलांटिक सिटीत केनो या आकड्यांच्या खेळातल्या मोठ्या बक्षिसावरून त्याचं बिंग फुटलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

ही मशीन आपल्याकडेही आली : गोव्याने १९७६च्या जुगार कायद्यात १९९२मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट दिली. पुढे मांडवीवर कॅसिनोची जहाजं आली. महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा मात्र कधी अमलातच आला नाही. २०२३मध्ये तो रद्द झाला.

मशीन बिघडवून मालक लोकांना लुटतो, असा समज सगळीकडे आढळतो. मालकाला त्याची गरजच पडत नाही. नेवाडात मशीनने दीर्घकाळाच्या हिशेबात लावलेल्या पैशांपैकी किमान ७५ टक्के परत द्यावेत असा नियम आहे; प्रत्यक्षात मशीन त्याहून जास्त देतात, तरी उरलेला वाटा मालकाचा ठरलेलाच असतो. तो पदरात पडायला मशीन चालू राहावं लागतं, बस्स. मालकाचं नुकसान होतं ते बंद मशीनमुळे, आणि टेक्निशियनला पगार मिळतो तो ते पुन्हा सुरू करण्याचा.