अधांतरी थांबलेली खुर्ची

२८ डिसेंबर २०१०. अमेरिकेतल्या मेन राज्यात शुगरलोफ डोंगरावर नाताळच्या सुट्टीत स्की करणाऱ्यांची गर्दी होती आणि वाराही जोराचा होता. १९७५ साली बसवलेली ‘स्पिलवे ईस्ट’ ही चेअरलिफ्ट माणसांना वर नेत असताना एका खांबावर तिचा पोलादी दोर चाकांवरून निसटला. पाच खुर्च्या बर्फावर आदळल्या, आठ जण जखमी झाले. बाकीची लिफ्ट जागच्या जागी थांबली आणि सुमारे दीडशे माणसं अधांतरी लटकत राहिली.

अशा वेळी ‘लिफ्ट बंद पडली’ असं आपण सहज म्हणून जातो. पण थांबणं हे तिला मुद्दाम शिकवलेलं काम आहे, आणि ते तिला नीट येतं म्हणूनच दरवर्षी लाखो लोक निर्धास्तपणे तिच्यावर बसतात.

जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीत सुरू झाली. तिची कल्पना युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंता जेम्स करन यांची. जहाजात केळीचे घड चढवण्यासाठी फिरत्या दोराला आकडे लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आकड्यांच्या जागी खुर्च्या टांगल्या. मूळ रचना आजही तीच आहे: दोन टोकांना दोन प्रचंड चाकं, त्यांच्याभोवती अखंड फिरणारा पोलादी दोर, मध्ये आधाराचे खांब. दोराला कायमच्या जखडलेल्या खुर्च्या सेकंदाला साधारण अडीच मीटर चालतात. स्टेशनात दोर सोडून सावकाश होणाऱ्या नव्या खुर्च्या वाटेत याच्या दुप्पट वेग घेतात.

बहुतेक वेळा लिफ्ट थांबते ती कुणीतरी चढता-उतरताना अडखळलं म्हणून. ऑपरेटर बटण दाबतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत लिफ्ट पुन्हा चालू लागते. याखेरीज खांबाखांबावर पहारा असतो. चाकांच्या ओळीशेजारी ठिसूळ दांडी बसवलेली असते आणि तिच्यातून सतत वीज वाहत असते. दोर जागेवरून सरकला की तो दांडीवर येतो, दांडी तुटते, वीज खंडित होते. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझावी, तशी अख्खी लिफ्ट थांबते. बिघाड नेमका कुठे आहे, हे शोधण्याचं काम त्यानंतरचं.

थांबल्यावर थांबून राहणं मात्र त्याहून अवघड. वर जाणाऱ्या खुर्च्या माणसांनी भरलेल्या, खाली येणाऱ्या रिकाम्या. त्यामुळे दोराचा ओढा सतत मागे, उताराकडे असतो. मोटर गेली की त्याला रोखायला फक्त ब्रेक उरतात. म्हणून हे ब्रेक उलट्या पद्धतीने बनवतात: ते स्प्रिंगच्या किंवा वजनाच्या जोराने आपोआप आवळतात आणि लिफ्ट चालू असेपर्यंत तेलाच्या दाबाने उघडे धरलेले असतात. वीज गेली, दाब गेला, की ब्रेक लागलाच पाहिजे. १६ मार्च २०१८ रोजी जॉर्जिया देशातल्या गुडाउरीत लिफ्ट अशी रोखली गेली नाही. ती भरधाव उलटी फिरली, खालच्या स्टेशनात खुर्च्या एकमेकींवर चेपल्या गेल्या आणि लोकांनी जीव वाचवायला उड्या मारल्या. ती दृश्यं पाहिल्यावर थांबलेल्या लिफ्टकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

मुख्य मोटर बिघडली तर राखीव डिझेल इंजिनाने दोर हळूहळू फिरवून खुर्च्या रिकाम्या करता येतात. दोरच घसरला असेल तर तो फिरवता येत नाही, आणि मग खरी कसोटी लागते ती शरीराची. स्की करताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. निश्चल बसलेलं शरीर मात्र जेमतेम शंभर वॉटच्या आसपास उष्णता देतं, आणि आतले कपडे घामाने ओलसर असतात. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला तो उणे २० इतका झोंबतो. शरीर आधी हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, मग कुडकुडून उष्णता तयार करतं. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की विचारही अडखळू लागतो, आणि उडी मारावी असं वाटणं तेव्हा सर्वांत घातक ठरतं. दहा मीटरवरून पडणारा माणूस जमिनीला ताशी ५० किलोमीटर वेगाने भिडतो. शिवाय त्याचं वजन अचानक गेल्याने ताणलेला दोर वर उसळतो आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हिसका बसतो. खुर्चीचा समोरचा सुरक्षेचा दांडा खाली ठेवून बसून राहणं, हेच त्या क्षणी शहाणपणाचं.

सुटकेची पद्धत साधी आहे. बचावपथक मुख्य दोरावरून एक दोरी टाकतं, तिच्या टोकाची बैठक किंवा पट्टा खुर्चीपर्यंत चढवतं, माणूस त्यात बसतो आणि खालचे लोक दोरी सोडत त्याला बर्फावर आणतात. मग पुढची खुर्ची. शुगरलोफवरही माणसं अशी दोरीनेच उतरवली गेली. चेअरलिफ्ट बहुधा जमिनीपासून बेताच्या उंचीवरून चालते, म्हणूनच हे जमतं.

खोल दरीवरून जाणाऱ्या रोपवेला ही सोय नसते. १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीला, झारखंडमधल्या देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेच्या केबिन अडकल्या. ड्रोनने पाणी आणि खाणं पोचवावं लागलं, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी एकेकाला उचललं. सुटका १२ एप्रिलपर्यंत चालली. तीन जण गेले, त्यातले दोघे हेलिकॉप्टरने उचलताना पडून.

२०२२च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘पर्वतमाला’ योजनेतून देशभर रोपवे उभे राहत आहेत. महाराष्ट्रातल्या गडांसाठी आणि देवस्थानांसाठीही प्रस्ताव आहेत. प्रत्येक प्रस्तावासोबत एका प्रश्नाचं लेखी उत्तर मागायला हवं: सगळ्या केबिन भरलेल्या असताना दोर घसरला, तर मधल्या केबिनपर्यंत कोण, कोणत्या साधनाने आणि किती तासांत पोचणार? आणि त्या उत्तराची रंगीत तालीम पहिलं तिकीट फाडण्याआधी व्हायला हवी.