शिकेकाईकडे परतताना

मराठी घरांत साधी अंघोळ वेगळी आणि न्हाणे वेगळे. डोक्यावरून न्हाण्याचा दिवस असला की आदल्या रात्रीच शिकेकाई भिजत पडे आणि सकाळी ती उकळू लागली की आवळकाठी, नागरमोथा, गवला-कचोरा यांचा मंद गंध घरभर दरवळे. प्रांत बदलला की साहित्य बदले. केरळात जास्वंदीच्या पानांची बुळबुळीत ‘ताळी’, मणिपुरात तांदळाच्या धुवणात वनस्पती उकळून सिद्ध केलेले ‘चेंगही’, राजस्थानात मुलतानी माती, तर पंजाबात दही. जे परिसरात पिकते त्यानेच केस धुवावेत, हा साधा व्यवहार सर्वत्र सारखा होता.

गंमत अशी की, या व्यवहाराला बाजूस सारणारा ‘शाम्पू’ हा शब्दही मूळचा भारतीयच. ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चोळणे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व चंपीचे केंद्र चालविले आणि राजा चौथा जॉर्ज याच्यापर्यंत त्यांची कीर्ती पोहोचली. पुढे शब्दाचा अर्थ सरकत गेला व मर्दनाऐवजी केस धुण्याच्या द्रव्यालाच ते नाव चिकटले. १९८०च्या दशकात शाम्पूच्या छोट्या पुड्या भारतात खेडोपाडीच्या दुकानांत लोंबू लागल्या आणि शिकेकाईचे पातेले हळूहळू माळ्यावर गेले.

आज ते पातेले पुन्हा खाली येत आहे. ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, ‘केमिकल-फ्री’ अशा शब्दांनी दुकानांच्या फळ्या भरल्या आहेत. हा बदल स्वागतार्ह आहेच. परंतु तो डोळसपणे व्हावा, यासाठी काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

रसायनमुक्त म्हणजे काय?

काटेकोर अर्थाने रसायनमुक्त असे काहीच नसते. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत ‘सॅपोनिन’ नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी, तर दुसरे तेलाशी सलगी करते. त्यामुळे केसांवरील तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. कारखान्यात तयार होणारे सोडियम लॉरिल सल्फेट हेच काम याच तत्त्वावर करते आणि ते खोबरेल तेलापासूनही बनविता येते. म्हणजेच फरक ‘निसर्ग’ आणि ‘रसायन’ यांतला नसून मुख्यतः तीव्रतेचा आहे. सल्फेटयुक्त शाम्पू विषारी नसतो. मात्र कोरडी वा संवेदनशील त्वचा असणाऱ्यांना तो रुक्ष वाटू शकतो. शिकेकाई तुलनेने सौम्य असून तिचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. आपल्या डोक्याची त्वचाही किंचित आम्लधर्मीच असते. उलटपक्षी, अंगाचा साबण अल्कधर्मी. कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. म्हणूनच साबणाने केस धुणे सर्वांत गैरसोयीचे.

खरा धोका काळ्या मेंदीचा

‘नैसर्गिक’ या शब्दावर डोळे मिटून ठेवलेला विश्वास सर्वांत महाग पडतो तो केस रंगविताना. मेंदीच्या पानांतील ‘लॉसोन’ हे द्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते आणि केसांना तांबूस-नारिंगी छटा देते. राजस्थानातील सोजतची मेंदी असो वा परसातली, शुद्ध मेंदी एकट्याने केस काळे कधीच करीत नाही. त्यासाठी नंतर निळीच्या पानांची पूड वेगळी लावावी लागते आणि त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजेच पीपीडी, हे कृत्रिम रंगद्रव्य असते. अनेकांना ते सोसते. परंतु ज्यांना त्याची ॲलर्जी होते, त्यांची टाळू खाजते, पापण्या व चेहरा सुजतो, फोड येतात. ही ॲलर्जी अनेक वर्षांच्या निर्वेध वापरानंतरही अचानक उद्भवू शकते आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. म्हणून वेष्टनावर हिरवे पान छापलेले असले, तरी घटकांची यादी वाचावी. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. ज्या वनौषधीचे नाव ठळक अक्षरांत मिरविले आहे, ती यादीच्या अगदी तळाशी असेल, तर किंमत कशाची मोजत आहोत हे उमगते. रंग लावण्यापूर्वी कानामागे वा कोपराच्या आतील बाजूस थोडा लावून ४८ तास वाट पाहावी.

घरचे न्हाणे

घरी करावयाचे असल्यास आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले पाच-सहा रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालावी. सकाळी मंद आचेवर शेंगा मऊ होईपर्यंत उकळून, निववून, कुस्करून गाळावी. या पाण्याला फारसा फेस येत नाही; मात्र फेस हे स्वच्छतेचे माप नव्हे. त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते, त्यामुळे शीतकपाटात ठेवूनही दोन-तीन दिवसांत संपवावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. लहान मुलांना न्हाऊ घालताना विशेष जपावे. शिकेकाई घरी कुटताना नाकावर फडके बांधावे.

न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याच्या प्रथेला संशोधनाचाही आधार आहे. मुंबईतील आरती रेले व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली ती खोबरेलाने. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला, हेही ध्यानात असावे. कोंडा असणाऱ्यांनी मात्र तेल टाळूवर दिवसेंदिवस मुरू देऊ नये; कोंड्याशी निगडित असलेली बुरशी स्निग्धांशावरच पोसली जाते.

बदल एका दिवसात करण्याचा अट्टहास नको. आठवड्यातून एकदा शिकेकाई व एरवी सौम्य शाम्पू, असे दोन महिने करून पाहावे. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. त्याहून अधिक गळत असतील, तर कारण लोहाच्या कमतरतेत वा थायरॉइडच्या विकारात असू शकते. तेथे कोणतेही तेल वा लेप पुरा पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

ठेवीच्या पावतीवरील बारीक अक्षरे वाचून सही करणारा सुज्ञ ग्राहक शाम्पूची बाटली मात्र सुवासावर घेतो. तीच चिकित्सक नजर न्हाणीघरापर्यंत नेली, तर शिकेकाईचे पातेले आणि दुकानातली बाटली या दोहोंतून आपल्या केसांना मानवेल ते निवडणे प्रत्येकास सुकर होईल.