अंगकाठीची सनद

मुंबईत कॉटन ग्रीनच्या वखारींत कापसाच्या गासड्या हाताळल्या जात, त्या काळी सडपातळ अंगकाठी हीच निरोगी प्रकृतीची सनद मानली जाई. ती फोल ठरविली पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, या दोघांचा वजन-उंचीवरून काढलेला देहभारांक २२.३ असा समान असूनही युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के, हे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. (स्वतःचीच चरबी जाहीर करणारा संशोधक विरळाच!) पुढे २००९ साली तज्ज्ञांनी विचारविनिमयान्ती भारतीयांपुरती स्थूलत्वाची सीमा ३० वरून २५ वर आणली, आणि असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकातून ती वैद्यवर्गापुढे ठेवली, कंबरेचा घेर पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर, ही मर्यादाही त्यातलीच. ती तपासावयास शिंप्याची टेप पुरते.